अंग भरलं, मन भरेना

मे महिन्यात आमच्या वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर बसवत नाही. पंखा नुसता गरम वारा फिरवतो. परीक्षा चालू असतात, दारं सताड उघडी असतात, मुलं बनियनवर नाहीतर उघडीच अभ्यासाला बसतात. अशाच एका दुपारी दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा अर्जावर सही घ्यायला माझ्याकडे आला. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्याच्या आत टी-शर्ट आणि त्याच्याही आत आणखी एक टी-शर्ट. कानशिलावरून घाम ओघळत होता. मी म्हणालो, "अरे, बाह्या तरी दुमड." तो कसनुसा हसला. "नको सर, हात बारीक दिसतात."

त्याचे हात बारीक नव्हते. आला तेव्हा होते. दीड वर्षात त्यानं जे अंग कमावलं होतं, ते तीन कपड्यांतूनही लपत नव्हतं. स्नेहसंमेलनात मीच सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं होतं. पहाटे पाचला उठतो, सुपारीचंही व्यसन नाही, याच्याकडून शिका, असं म्हणालो होतो. त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की मी ज्याला शिस्त म्हणत होतो, ते त्याचं दुखणं होतं. आणि मी त्यावर टाळ्या वाजवल्या होत्या.

मग त्याच्या रूममेटशी बोललो. कपाटात स्वयंपाकाचा वजनकाटा होता, भातसुद्धा त्यावर मोजून घेतला जायचा. वरणावर तेलाचा तवंग दिसला की वाटी परत जायची. रात्री दोनचा गजर लावून तो शेक प्यायला उठायचा. जिम तीन दिवस बुडेल म्हणून गावच्या जत्रेला गेला नव्हता. सगळ्यात वाईट मला वाटलं ते विहिरीचं. ज्या विहिरीत लहानपणापासून काठावरून सूर मारले, तिथं गेल्या उन्हाळ्यात तो उतरलाच नाही. चुलतभावांसमोर शर्ट काढायचा धीर होईना.

या दुखण्याला वैद्यकशास्त्रात मसल डिसमॉर्फिया म्हणतात. अंग पुरेसं पीळदार असूनही आपण लहान, किरकोळ, दुबळे दिसतो अशी मनाची पक्की समजूत होते आणि सगळा दिवस त्या समजुतीभोवती फिरू लागतो. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये शरीरसौष्ठव करणाऱ्या १०८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले काही जण चांगले धिप्पाड असूनही स्वतःला काडीसारखे समजत होते. अ‍ॅनोरेक्झियात हाडं दिसेपर्यंत वाळलेल्या मुलीला आपण जाड आहोत असं वाटतं, तसंच पण उलट्या दिशेनं, म्हणून त्यांनी आधी याला 'उलटा अ‍ॅनोरेक्झिया' म्हटलं. १९९७ मध्ये मसल डिसमॉर्फिया हे नाव पुढे आलं. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानग्रंथात ते बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरचा एक प्रकार म्हणून नोंदलं गेलं आणि हा सगळा गट मंत्रचळाच्या शेजारी ठेवला गेला.

मंत्रचळाचं हे शेजारपण नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. मंत्रचळ असलेला माणूस दहादा हात धुतो. हात पहिल्या धुण्यातच स्वच्छ झालेले असतात, पण खात्री पटत नाही. धुतल्यावर दोन मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा शंका येते, आणि प्रत्येक धुण्यागणिक ती घट्ट होत जाते. इथं साबणाच्या जागी आरसा, मोजपट्टी आणि डंबेल असतात. दंड आणखी एक इंच वाढला की समाधान होईल असं त्या मुलाला मनापासून वाटतं. इंच वाढतो, समाधान चार दिवस टिकतं, मग पुढचा इंच. म्हणून "अजून थोडी बॉडी झाली की येईल आत्मविश्वास" हे त्याला सांगू नका, आणि त्यालाही स्वतःला सांगू देऊ नका.

नेहमीचा व्यायाम आणि हे दुखणं वेगळं कसं ओळखायचं?

मुलगा किती किलो उचलतो, दिवसाला किती अंडी खातो, यावरून काहीच कळत नाही. जिल्हा पातळीवर खेळणारा मुलगा याच्या दुप्पट व्यायाम करत असेल आणि अगदी ठणठणीत असेल. ज्या दिवशी व्यायाम करता येत नाही, त्या दिवशी काय होतं ते बघा. ताप आला, पाहुणे आले, जिमला सुट्टी पडली, तर हळहळ वाटणं साहजिक आहे. पण दिवसभर चिडचिड होत असेल, आज आपण लहान झालो असं खरोखर दिसत असेल, खांदा दुखावलेला असताना गोळी घेऊन तोच खांदा पुन्हा वजनाखाली जात असेल, तर सावध व्हा.

लपवणं ही दुसरी खूण. ढगळ कपडे, एकावर एक कपडे, पोहायला नको, हळदीला नको, ग्रुप फोटोत मागच्या रांगेत. काही मुलं याच्या उलट वागतात, मोबाइलचा काळा पडदा, मोटारीची काच, लिफ्टचा पत्रा, जिथं प्रतिबिंब दिसेल तिथं दंड तपासतात. आणि एकच मुलगा दोन्ही करू शकतो. तिसरी खूण वेळेची. आपण कसे दिसतो या विचारात रोज तासाहून अधिक वेळ जात असेल आणि त्यापायी लेक्चर, मित्र, घरची माणसं मागे पडत असतील, तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात. तुम्हीही घ्या.

घरच्यांना हे दिसत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. पोरगा दारू पीत नाही, टवाळक्या करत नाही, व्यायाम करतो, यापलीकडे आई-बापांनी काय बघायचं? मुलगी जेवण टाकायला लागली की घर हादरतं. मुलगा मापून जेवायला लागला की आई त्याच्यासाठी वेगळं पनीर आणते. व्यसनाला घरात कोणी शाबासकी देत नाही. या दुखण्याला मिळते, म्हणून ते वर्षानुवर्षं लपून राहतं.

याचं मूळ बहुतेक वेळा शाळेतल्या एखाद्या नावात सापडतं. काडीपैलवान, सुकट, हडकुळ्या, 'फुंकर मारली तर उडेल'. आपल्याकडे हे मायेनंही बोललं जातं, मामा-काका भर पंगतीत बोलतात आणि सगळे हसतात. ज्याला बोलतात तोही हसतो. माझ्या समोर बसून बोललेल्या बहुतेक मुलांना ते नाव, ते ठेवणारा माणूस आणि ती जागा, तिन्ही आठवत होती. घरात बारीक मुलगा असेल तर एवढं एक आजपासून बंद करा, त्याला एक पैसाही लागत नाही.

दुसरं कारण त्याच्या खिशात आहे. रीलवर जे अंग दिसतं ते दिवसभर तसं नसतं. व्यायाम झाल्या झाल्या स्नायूंत रक्त भरतं, अंग फुगतं, मुलं त्याला पंप म्हणतात. तासाभरात तो उतरतो. त्यात वरून पडणारा उजेड, अंगाला तेल, आदल्या दिवशी कमी केलेलं पाणी आणि शंभरातून निवडलेला एक फोटो. शिवाय कॅमेऱ्यासमोरच्या अनेक शरीरांमागे औषधं असतात आणि ती कोणी रीलमध्ये दाखवत नाही. हे माहीत असूनही मन तुलना करतंच, म्हणून नुसती माहिती पुरत नाही.

पोप यांच्याच गटानं २००० साली ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या कॉलेजच्या वयाच्या मुलांना पडद्यावर एक शरीर दाखवून ते कमी-जास्त करायला सांगितलं. तिन्ही देशांतल्या मुलांनी निवडलेलं आदर्श शरीर त्यांच्या स्वतःच्या शरीरापेक्षा सुमारे १३ किलो अधिक स्नायूंचं निघालं. मुलींनाही असंच आवडतं असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्ष स्त्रियांना विचारलं, तेव्हा त्यांनी साधंसुधं शरीर पसंत केलं. तेव्हा रील नव्हत्या, हेही लक्षात ठेवा.

आपल्याकडे अंग कमावणं काही नवं नाही. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या पोरं जोर-बैठका मारत आली आहेत. पण तिथं मेहनतीचं माप समोरच्या गड्यावर ठरतं. पट काढता आला का, डाव लागला का, किती वेळ दम टिकला. पोट सुटलेला पैलवानही मैदान मारतो आणि लोक त्याला खांद्यावर घेतात. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलेले खाशाबा जाधव बँटमवेट गटात लढले होते, वजन साठ किलोंच्याही आत. तालमीतही सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. पण अंगाला काहीतरी काम दिलं की त्याच्याकडे बघण्याची नजर बदलते, हे मी मुलांमध्ये पाहिलं आहे. नुसतं आरशासमोर वजन उचलणाऱ्या मुलाला मी कबड्डी, गड चढणं, मल्लखांब यांपैकी काहीतरी एक सुचवतो. आज किती दिसतंय, यापेक्षा आज काय जमलं, याची नोंद मनात होऊ लागते.

'कोर्स' सुचवला जातो तेव्हा

हा भाग प्रत्येक मुलानं वाचावा. जिममध्ये कोणीतरी 'भाऊ' असतो. तो म्हणतो, नॅचरल किती दिवस करणार, एक सायकल मार, बारा आठवड्यांत फरक बघ. सायकल किंवा कोर्स म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या जातीची अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्स. फरक दिसतो, हे खोटं नाही. म्हणूनच मुलं फसतात.

आत काय होतं ते ऐक. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना 'तुम्ही थांबा' असा निरोप देतो. वृषणं आकसतात, शुक्राणू कमी होतात, काहींचे जवळजवळ नाहीसे होतात. जादा हार्मोनचं काही प्रमाणात इस्ट्रोजेन बनतं, त्यातून छातीला स्तनांसारखी गाठ येते आणि ती पुढे शस्त्रक्रियेशिवाय जात नाही. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, रक्तदाब चढतो, हृदयाची भिंत जाड होते. गोळ्यांच्या रूपातली स्टेरॉइड्स यकृतावर जातात. उंची वाढायची राहिली असेल तर हाडांची टोकं वेळेआधी बंद होऊन ती खुंटू शकते. एकच सुई दोघांनी वापरली तर हिपॅटायटिस आणि एचआयव्हीचा धोका. आणि कोर्स थांबवल्यावर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन परत यायला महिने लागतात. त्या काळात मन खचतं, उमेद जाते, कमावलेलं अंग उतरताना दिसतं. मसल डिसमॉर्फिया असलेल्या मुलाला ते सहन होत नाही, तो पुन्हा सुईकडे वळतो. त्याच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका असतो तो या उताराच्या दिवसांत.

महाराष्ट्रात आणखी एका इंजेक्शनचं नाव जिममध्ये फिरतं, मेफेन्टरमाइन. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ ते वापरतात. ते चिठ्ठीशिवाय विकण्याची परवानगी नाही. चोरून विकणाऱ्यांवर राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. त्यानं एक ग्रॅमही स्नायू वाढत नाही, फक्त तासभर अंगात घोडा संचारल्यासारखं वाटतं. त्याची सवय लागते, हृदयाचे ठोके बिघडतात, भास आणि संशय सुरू झाल्याच्याही नोंदी आहेत. कोणी कुपी पुढे केली तर नाव वाच, आणि त्या जिममध्ये पुन्हा पाय ठेवू नकोस.

आधीच घेत असशील तर मनानं एकदम तोडून गप्प बसू नकोस. हार्मोनतज्ज्ञाकडे म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा आणि काय, किती, किती दिवस घेतलंस ते खरं सांग. डॉक्टर पोलिसांना बोलावणार नाहीत. रक्त तपासून ते पुढचं ठरवतील.

पावडरीबद्दल थोडक्यात. व्हे हे विष नाही, दुधातलंच प्रथिन आहे. पण बाजारातल्या सगळ्याच डब्यांवर विश्वास ठेवू नका. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या गेल्या, त्यांतल्या सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आपल्या आहार-मार्गदर्शनात अशा पावडरी टाळायलाच सांगितलं. वजन उचलणाऱ्या मुलाला किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं भरपूर होतात. म्हणजे साठ किलोच्या मुलाला नव्वद-पंच्याण्णव ग्रॅम. चार अंडी, अर्धा लिटर दूध, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, दोन वेळची उसळ-वरण, चार भाकऱ्या-पोळ्या आणि मूठभर शेंगदाणे, एवढ्यात ते बसतं, तेही मेसमध्ये. मात्र ज्याची मोजणी सुटतच नाही, त्यानं हे गणित इथंच सोडून द्यावं. त्याच्यासाठी पोटभर जेवण आणि कपाटातून वजनकाटा बाहेर, हेच पथ्य.

आता तुला काय करता येईल

जिम सोडायची गरज नाही. शंका मिटवण्यासाठी जे करतोस, ते थोडं थोडं कमी करायचं आहे. दिवसाला वीसदा आरसा बघत असशील तर या आठवड्यात दहादा. दंड मोजायची टेप रूममेटकडे दे. रोजचा उघड्या अंगाचा फोटो बंद. मित्रांना "मी बारीक दिसतो का रे?" हे विचारणं बंद, कारण उत्तर काहीही आलं तरी तुला ते पटत नाही. आठवड्यात एक दिवस ठरवून सुट्टी घे आणि त्या दिवशी जी घालमेल होईल ती होऊ दे, तिला घाबरून दोन जोर मारू नकोस. ती तासाभरात आपोआप उतरते. पहिल्या दिवशी खूप जड जातं, चौथ्या-पाचव्या खेपेला कमी. मग कपड्यांचा एक थर उतरवून मेसपर्यंत जाऊन ये. ज्या खात्यांमुळे फोन ठेवताना स्वतःची घृणा वाटते, ती अनफॉलो कर.

हे एकट्याला जमलं नाही तर त्यात कमीपणा नाही. संज्ञानात्मक वर्तन उपचार, ज्याला डॉक्टर सीबीटी म्हणतात, त्यात नेमकं हेच शिस्तीत आणि सोबत बसून करून घेतात. गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ एसएसआरआय गटातली औषधं देतात, मंत्रचळावर चालतात तीच. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ती झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांची नशा होत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, केसपेपर काढून कोणालाही दाखवता येतं. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगावंसं वाटत नाही असा विचार मनात एकदा जरी आला असेल, तर बाकीचं सगळं बाजूला ठेव आणि आजच फोन कर. रूममेटला उठवून सोबत बसव.

रूममेटसाठी. "तू भारी दिसतोस रे" हे रोज सांगू नकोस, ते आरशासारखंच आहे, क्षणभर पुरतं. "वेडा झालास का" तर मुळीच नको. शरीराचा विषयच काढू नकोस. "तू तीन आठवडे आमच्यासोबत चहाला आला नाहीस, मला चुकल्यासारखं वाटतंय," असं म्हण. माणूस हरवतोय हे त्याला ऐकू येतं, हात बारीक नाहीत हे येत नाही.

आई-वडिलांनी जिमची फी बंद करून किंवा पावडर फेकून देऊन प्रश्न सोडवायला जाऊ नये. तो पैसे दुसरीकडून आणेल आणि बोलणं बंद होईल. त्याच्या अंगाचं कौतुक आणि चेष्टा, दोन्ही थांबवा. बाकीचं बघा. झोपतो का, मित्र येतात का, सणाला घरी येतो का, जेवायला सगळ्यांसोबत बसतो का. ट्रेनर मंडळींनाही एक विनंती. दुखापत घेऊन आलेल्या, दिवसातून दोनदा येणाऱ्या, आरशासमोरून न हलणाऱ्या पोराला परत पाठवा. तुमचा शब्द तो बापाच्या शब्दापेक्षा जास्त मानतो.

डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाही, ही शेवटची अडचण. "सर, मला बारीक दिसायची भीती वाटते," हे वाक्य वीस वर्षांच्या पिळदार मुलाच्या घशातून निघत नाही. मग ते लिहून न्यावं. किती वेळ आरशात जातो, काय काय टाळतो, काय घेतो, किती झोपतो, एवढं एका कागदावर लिहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं तरी चालतं. आमच्या मुलानं तसंच केलं. कागद त्यानं लिहिला, पण दवाखान्यात रूममेट सोबत गेला. संध्याकाळचा दवाखाना, गर्दी बरीच होती, नंबर लागायला दोन तास लागले. तासाभरानं तो घड्याळ बघत उठला, जिमची वेळ टळत चालली होती. रूममेटनं त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं आणि नंबर येईपर्यंत सोडलं नाही.